बेवारस गाड्या उचलण्याची महापालिकेची सेवा : क्रेन चोख, पंचनामा कच्चा

शहरात बेवारस गाड्या उचलायला ठेकेदार नेमल्यापासून गल्ल्या मोकळ्या झाल्या, हे आधी मान्य करायला हवं. ॲपवर फोटो आणि ठिकाण टाकलं की काचेवर नोटीस चिकटते, मुदत संपली की क्रेन येते. उचलण्याच्या कामाला पाचपैकी चार गुण. त्यानंतरच्या सगळ्याला दोन.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे ब्रेक ड्रमला धरलेले असतात, चाक फिरत नाही. तशीच ओढली तर टायर रिममधून निघतो आणि पेव्हर ब्लॉक उखडतात. इथली पोरं जाम चाकाखाली छोटी ट्रॉली सरकवतात किंवा गाडी सरळ फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर चढवतात. पट्टा बंपरला न लावता चाकांना लावतात. काम नीट शिकलेलं आहे.

घोळ पंचनाम्यात आहे. नंबर प्लेटवरून मालक शोधून नोटीस पाठवली जाते, पण बेवारस गाडीची प्लेट खरी असेलच असं नाही. खरी ओळख चेसिस नंबरची, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरची. तो मोटारसायकलला हँडलच्या मुळाशी फ्रेमवर, चारचाकीला बहुधा बॉनेटखाली फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) किंवा पुढच्या सीटखाली सापडतो. गंज चढला असेल तर डिझेलचा बोळा आणि तारेचा ब्रश हलक्या हाताने फिरवायचा, वर खडू घासायचा, म्हणजे अक्षरं उठतात. मग कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्यायची. ग्राइंडर लावला की नंबर कायमचा गेला. हल्लीच्या गाड्यांचा नंबर 17 अक्षरी असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं येत नाहीत. पंचनाम्यात ‘ओ’ दिसला तर तो शून्य आहे. या एका चुकीने चोरीच्या यादीतली गाडीही ‘तक्रार नाही’ म्हणून सुटते. कर्जावरच्या गाडीत नोटीस बँकेलाही जायला हवी, तीही राहून जाते.

वाहतुकीला धोका असलेली मोडकी, जळालेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम 127 नुसार पोलीस लगेच हलवू शकतात. 10 तास सोडून दिलेली गाडीही उचलायला सांगता येते आणि टोइंगचा खर्च मालकाच्या माथी. म्हणजे उचलण्याचा अधिकार भक्कम आहे. कोर्टात टिकायला हवा तो कागद.

यार्डात गाड्या एकीला एक खेटून ठेवल्यात. टाकीत पेट्रोल, सीएनजीचं सिलिंडर आणि बॅटरी तशीच. एकीने पेट घेतला तर बंबाला आत जायला वाट नाही. आत घेतानाच बॅटरी काढून वेगळी ठेवायला हवी, इंधन उपसायला हवं, ऑइल गळणाऱ्या गाडीखाली ट्रे हवा, कारण खाली उघडी माती आहे. पावसाळ्यात टायर आणि डिकीत पाणी साचतं. डेंग्यूच्या डासाला अळीपासून उडायला साधारण आठवडा पुरतो, म्हणून दर आठवड्याला पाणी ओतून टाकणं किंवा टायर शेडखाली नेणं एवढंच करायचं आहे. तेही होत नाही.

लिलावात गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रालाच जावी. 2021 च्या नियमांनुसार ते केंद्र गाडी चोरीच्या नोंदींशी ताडून बघतं आणि तोडल्यावर तसं प्रमाणपत्र देतं. भंगारवाल्याकडे सुटी गेलेली चेसिस दुसऱ्या गाडीच्या कागदांवर पुन्हा रस्त्यावर येऊ शकते.

आपली गाडी उचलली गेली असेल तर आरसी, ओळखपत्र आणि टोइंगचे पैसे घेऊन जा. सोडवणुकीच्या कागदावर सही करण्याआधी पंचनाम्याची प्रत मागा आणि स्टेपनी, बॅटरी, स्टिरिओ यादीशी ताडून बघा. यादीत ‘बॅटरी’ असा शब्दच नसेल तर ती गेली हे सिद्ध करायला तुमच्याकडे काहीच उरत नाही.