बरेच मालक बदललेलं घर: काही महिने राहिल्यावरचा अनुभव

पाच मालक होऊन गेलेत आणि त्यातले शेवटचे तीन अगदी थोड्या वर्षांत, हे कळल्यावर ओळखीतल्या बहुतेकांनी "त्या घराच्या नादी लागू नका" असंच सांगितलं. आम्ही ते घर घेतलं. आता मोठा पाऊस आणि थंडी दोन्ही तिथे काढून झाली आहेत, म्हणून लिहितोय. घर चांगलं आहे. मालक सतत बदलल्याने घराचं नुकसान होतं हे खरं, पण ते लोकांना वाटतं तसलं नसतं. घराची माहिती हरवते. पाण्याची लाइन कुठून गेलीय, कोणती भिंत मागाहून उभी केली, वायरिंग कधी बदललं, हे वीस वर्षं राहिलेल्या माणसाला तोंडपाठ असतं. दोन-तीन वर्षांत निघून जाणाऱ्याला त्यातलं जेमतेम कळतं आणि तेही तो पुढच्याला सांगत नाही.

मागच्या खोलीची बाथरूमला लागून असलेली भिंत हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. घर बघायला गेलो तेव्हा ती तेवढी एकच भिंत ताजी रंगवलेली होती. बोटाच्या पेराने ठोकत गेलो, तर कमरेच्या खाली प्लास्टर पोकळ वाजत होतं. कोपऱ्यात स्कर्टिंगच्या वर पांढरी भुकटी होती, म्हणजे भिंतीला लोणा लागलेला. पाणी विटा-प्लास्टरमधले क्षार विरघळवून पृष्ठभागाशी आणतं, पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक तिथेच फुगतात आणि प्लास्टर सुटतं. ताब्यात आल्यावर मिस्त्रीने ती भिंत खरवडली, तेव्हा रंगाचे थर एकाखाली एक निघत गेले आणि त्यात दोनदा मारलेला वॉटरप्रूफ रंगही होता. ओल्या भिंतीवर असा रंग मारला की ओल आत कोंडते आणि बाजूने किंवा वरून वाट काढते. मूळ दोष आतल्या पाइपच्या एका जॉइंटमध्ये होता. जॉइंट बदलायला फार वेळ लागला नाही. भिंत सुकायला मात्र लागला. महिन्याला साधारण एक इंच जाडी सुकते असा ढोबळ हिशेब धरतात, तेव्हा नऊ इंची भिंतीला लगेच प्लास्टर करायची घाई करू नका. आधीच्या प्रत्येकाने घर विकेपर्यंत टिकेल एवढीच डागडुजी केली होती, हे त्या थरांवरून स्पष्ट दिसत होतं.

विजेचंही तसंच. बोर्डातल्या एमसीबींवर कशाचंच नाव नाही, आणि स्वयंपाकघरातले वाढवलेले पॉइंट जुन्याच बारीक वायरवर जोडलेले. हे काम राहायला जायच्या आधी वायरमनकडून करून घ्या, नंतरवर ढकलू नका.

आधीचे लोक का गेले? एजंटच्या म्हणण्याप्रमाणे सगळेच मोठ्या घरात गेले. समोर राहणाऱ्या आजींनी मात्र वेगळं सांगितलं. एकाची बदली झाली, एका जोडप्याचा घटस्फोट झाला, एकाने वारसांच्या वाटणीपायी विकलं, आणि एक कुटुंब त्या ओलीला आणि पाण्याच्या पंपाच्या घरघरीला कंटाळून गेलं. म्हणजे आजींनी सांगितलेल्या चारांपैकी तिघांच्या जाण्याशी घराचा संबंधच नव्हता. आजींशी झालेलं हे बोलणं आम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. मालक किती झाले यापेक्षा प्रत्येक जण कधी आला, कधी गेला आणि कशासाठी गेला, हे विचारा. आणि ते शेजाऱ्यांना विचारा, एजंट बरोबर नसताना.

एजंटांबद्दल माझं मत सरसकट वाईट नाही. पहिल्या एजंटने "आणखी दोन पार्ट्या तयार आहेत" हे इतक्यांदा सांगितलं की आम्ही त्याच्याकडे जाणंच सोडलं. दुसऱ्याने न मागता आधीच्या दस्तांच्या प्रती आणून दिल्या आणि ओलीबद्दल विचारल्यावर "आहे, मिस्त्रीला दाखवून मग भाव ठरवा" असं सरळ सांगितलं. त्याच्यामुळेच किंमत कमी करून घेता आली. पण त्याची कमाई व्यवहार पुरा होण्यावर असते, हे विसरून चालत नाही. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातल्या जवळपास एक लाख घरविक्रींवरचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. एजंटांनी विकलेली स्वतःची घरं गिऱ्हाइकांच्या घरांपेक्षा साडेनऊ दिवस जास्त बाजारात राहिली आणि सुमारे ३.७ टक्के जास्त दराने गेली, असं त्यात आढळलं. वाढीव किमतीतला फार छोटा वाटा कमिशन म्हणून मिळतो, मग गिऱ्हाइकासाठी आणखी थांबायचं कशाला? एजंट दोन्ही बाजूंकडून पैसे घेणार असेल तर ते आधीच लेखी ठरवून घ्या.

कागदपत्रांसाठी एजंटवर विसंबू नका, स्वतःचा वकील नेमा. १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने जी पद्धत आली, तिच्यात सरकारी नोंद हाच मालकीचा पुरावा असतो. जिथे तसं नाही तिथे खरेदीखतांची साखळी तपासावीच लागते, कारण विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे तेवढाच तो देऊ शकतो. एक दुवा कच्चा निघाला की पुढच्या सगळ्यांचा हक्क वादात येतो, आणि मालक जितके जास्त तितके दुवे जास्त. आमच्या साखळीत दोन मालकांपूर्वीचं गहाण निघालं. कर्ज फिटलेलं होतं, पण बोजा नोंदीवरून उतरवलेला नव्हता. तो उतरल्याचा कागद हातात पडेपर्यंत वकिलांनी उरलेली रक्कम देऊ दिली नाही. नावांचं स्पेलिंग, क्षेत्रफळ, वारसांच्या सह्या, कुणी मुखत्यारपत्रावर विकलं असेल तर त्या वेळी ते चालू होतं का, हेही त्यांनी दस्तागणिक जुळवून पाहिलं. त्यांची फी मला अजिबात जड वाटली नाही.

घर घेतल्याचा पश्चात्ताप नाही. उजेड भरपूर आहे, खोल्या मोकळ्या आहेत, भिंत आता कोरडी आहे. पंपाची घरघर तेवढी राहिली. खाली रबरी पॅड बसवल्यावर ती कमी झाली, पण पहाटे टाकी भरताना अजून ऐकू येते. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी असं घर एकदा भल्या पहाटेही जाऊन पाहावं.