टाटा २०७ डीआय : उभ्या गाडीचा खर्च आणि अडकलेला हॅन्डब्रेक

वर्षातला बहुतेक काळ हडपसरला उभी असणारी आमची २००९ सालची टाटा २०७ डीआय ही मालवाहू पिकअप ठेवावी की काढून टाकावी, हा विषय घरात दर पावसाळ्यानंतर निघतो. यंदा तो जास्तच चिघळला, कारण फिटनेससाठी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याच्या आरटीओच्या दाखल्यासाठी, दिवे गावच्या चाचणी ट्रॅकवर न्यायची म्हणून गाडी सुरू केली, तेव्हा इंजिन पहिल्याच चावीला लागले, पण मागची चाके जागची हलेनात.

जवळच्या गॅरेजने मागच्या चाकांचे दोन्ही ब्रेक ड्रम, त्यांना आतून घासून गाडी थांबवणारे लायनर आणि लायनर ढकलणारे व्हील सिलिंडर बदलण्याचा अंदाज दिला आणि ती रक्कम ऐकून मी गाडी विकायचे नक्की केले. विकण्यापूर्वी फुरसुंगीच्या एका जुन्या मिस्त्रींना दाखवले. त्यांनी ड्रम उतरवले, तेव्हा सिलिंडर कोरडे आणि धड निघाले. लायनर तेवढे गंजामुळे ड्रमला चिकटले होते. पॉलिश पेपरने घासून, ब्रेक सेट करून गाडी चालती झाली आणि बिल पहिल्या अंदाजाच्या अगदी थोड्या भागात भागले.

क्वचित वापरायच्या गाडीत मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. दमट हवेत हॅन्डब्रेक ओढून गाडी महिनोन्महिने उभी राहिली की लोखंडी ड्रम गंजतो आणि लायनरला धरून ठेवतो. केबलही आपल्या नळीत गंजून बसते. म्हणून सपाट जागा असेल तर, आणि तरच, गाडी पहिल्या गियरमध्ये ठेवावी, चाकांच्या पुढेमागे दगड लावावेत आणि हॅन्डब्रेक मोकळा सोडावा. भिजून आलेली गाडी लगेच लावून न ठेवता थोडे अंतर ब्रेक दाबत चालवून ड्रम वाळवावेत. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढणे, टाकी भरलेली ठेवणे आणि डिझेल फिल्टरमधले पाणी सोडणे ही कामे बहुतेकांना माहीत असतात. हॅन्डब्रेककडे मात्र कोणी लक्ष देत नाही.

आता पैशांचे. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरपत्रकानुसार १६,०४९ रुपये, जीएसटी वेगळा. आठ वर्षांवरील गाडीला फिटनेस दरवर्षी, बीएस-३ या जुन्या प्रदूषण मानकाची असल्याने पीयूसी दर सहा महिन्यांनी, शिवाय १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या नोंदणीमुळे नवी सुरक्षा नंबरप्लेट. गाडी हलली नाही म्हणून यातले काही थांबत नाही. फिटनेस संपला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ नुसार नोंदणीच वैध धरली जात नाही, त्यामुळे ‘चार दिवस तशीच चालवू’ हा मार्गही बंद. केवळ फेऱ्यांचा भाव काढला तर भाड्याचा टेम्पो स्वस्त पडतो, यात मला शंका नाही.

तरीही ती रक्कम भरण्याकडे माझे मन वळले, ते सासवडजवळच्या आमच्या अंजिरांमुळे. तयार अंजीर झाडावर थांबत नाही आणि तोडल्यावर तर मुळीच टिकत नाही. हंगामात गावातल्या प्रत्येकाला त्याच रात्री मार्केट यार्डाला जायचे असते, तेव्हा टेम्पोवाला आपल्या सोयीने येतो. स्वतःच्या गाडीत संध्याकाळीच पाट्या हौद्यात रचून, मागचा फाळका लावून, ताडपत्री बांधून ठेवता येते आणि वाटेल त्या वेळी दिवे घाट उतरता येतो. एका रात्रीचा माल राहिला, तर विम्यात वाचवलेले त्यात जाते. एजंटने सांगितलेली किंमतही भंगाराच्या भावाहून फारशी वर नव्हती.

म्हणून गाडी तूर्त ठेवली आहे, पण एका अटीवर. हौद्याखालच्या चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, आरपार गंज लागून पुढच्या फिटनेसला वेल्डिंगची वेळ आली, तर दुरुस्तीवर एक रुपयाही न घालता ती नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यायची. गाडी जमा केल्याच्या तिथल्या दाखल्यावर, म्हणजे ठेव प्रमाणपत्रावर, नव्या मालवाहू गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे.