सिलिकॉन पॅड आणि खिशाची ब्रा: सांगलीत घेताना

स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर वापरायचा सिलिकॉन पॅड ही वस्तू उत्तम आहे, पण नंबर सांगून घेण्यातली नाही. सांगली-मिरजेत सर्जिकल दुकानं भरपूर. मापं घ्यायला बाई आहे का, घालून बघायला आडोसा आहे का, हे फोनवर विचारूनच जावं. नुसता ब्राचा नंबर विचारून डबा हातात ठेवणाऱ्या दुकानात पैसे घालवू नयेत.

आधी खिशाची ब्रा (आतून पॅड ठेवायला खिसा असलेली), मग पॅड. छातीखालचा पट्टा आडवा, सरळ बसायला हवा. खांद्याचे पट्टे रुंदच घ्या. बारीक पट्टा रुततो, आणि काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूला तसा दाब बरा नव्हे. पॅड घालून दोन्ही हात वर करा, मग पुढे वाका. पट्टा वर सरकला किंवा पॅड अंगापासून सुटला तर माप चुकलंय. नेहमीचा ब्लाउज सोबत न्यावा. खरी पारख त्यातच होते. स्तनातली फक्त गाठ काढली असेल तर पूर्ण पॅड लागत नाही, उणीव भरून काढणारा पातळ पॅड मिळतो.

सिलिकॉनचं मोल त्याच्या वजनात आहे. दोन्हीकडे सारखा भार आला की ब्रा एका बाजूने वर चढत नाही, मान-खांद्यावरचा ताणही कमी होतो. पण घाई नको: जखम भरल्यावर, साधारण ६ ते ८ आठवड्यांनी, सर्जनला विचारून. रेडिएशन घेतलं असेल तर कातडी पूर्ववत होईपर्यंत आणखी थांबावं. तोवर हलका सुती पॅड.

पॅडचा मोठा शत्रू म्हणजे पदराची सेफ्टी पिन. वरचा पातळ पापुद्रा फुटला की आतलं जेल पाझरतं, आणि चिकटपट्टी तात्पुरतीच टिकते. पिन पॅडपासून दूर, खांद्यावर लावा. एप्रिल-मेच्या उकाड्यात पॅडखाली घाम साचून पुरळ येतं, म्हणून सुती कव्हर हवंच. रोज कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, टिपून त्याच्याच साच्याच्या डब्यात ठेवा. घडी पडली की तिथेच चिरतो. उन्हात वाळवू नका.

द्राक्षबागेत विरळणीला हात तासन्‌तास वर असतात. तिथे सिलिकॉनपेक्षा सुती पॅड कधीही सोयीचा. वजनासाठी त्यात मोहरी किंवा धान्य मात्र भरू नये; घामाने ओल धरून कीड लागते.

बिलावर माप, बाजू आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या. बदलून मिळेल का, हेही डबा फोडण्याआधीच विचारा.