जोडधंद्यासाठी गवत कापायचं मशीन: खांद्यावरचं की चाकांचं?

नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी गवत कापायची कामं घ्यायची ठरवली की दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘किती सीसीचं दाखवू?’ त्याला उत्तर देण्याआधी काम कुठलं मिळणार ते बघा. साताऱ्यात शाहूपुरी, सदर बझार, गोडोलीला किंवा सांगलीत विश्रामबागेत बंगल्यापुढे एक-दीड गुंठ्याची हिरवळ असते. ती पावसाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी कापावी लागते. पण जुलैनंतर फोन वाजायला लागतो तो बहुतेक दुसऱ्याच कामासाठी. गुंठेवारीतल्या रिकाम्या प्लॉटात कमरेएवढं वाढलेलं गाजर गवत, शाळेचं मैदान, कुपवाडच्या एखाद्या कारखान्याच्या कुंपणाची कड, कास रस्त्याचं फार्महाऊस, तासगावकडची द्राक्षबाग. चाकांचा लॉन मोवर यातल्या पहिल्या कामाला सुंदर चालतो आणि बाकी सगळीकडे दोन फुटांत गुदमरतो. म्हणून पहिलं मशीन खांद्यावरचं घ्यावं, म्हणजे लांब पाइपच्या टोकाला पातं फिरवणारा ब्रश कटर. मोवर नंतर, नेमाची गिऱ्हाइकं जमल्यावर.

खरा पेच टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक याचाच आहे.

टू स्ट्रोक स्वस्त पडतं. नावाजलेल्या कंपनीच्या फोर स्ट्रोकच्या पैशात ४३ किंवा ५२ सीसीची साधी चिनी टू स्ट्रोक दोन तरी येतात. वजनाच्या मानाने जोर जास्त, रचना सोपी, गावातला मेकॅनिकही उघडून बसवतो. पण पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घालावं लागतं आणि बिघाड नेमका तिथून सुरू होतो. बऱ्याच साध्या मशीनवर १:२५ लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरला ४० मिली. चांगल्या कंपन्या स्वतःचं ऑइल वापरल्यास १:५० सांगतात, म्हणजे लिटरला २० मिली. ऑइल कमी पडलं तर पिस्टन सिलिंडरला घासून चिकटतं. जास्त पडलं तर प्लग काळा होतो, सायलेन्सरच्या तोंडाची जाळी काजळीने बुजते, मशीन चालू होतं पण जोर धरत नाही. ‘अंदाजे एक झाकण’ हे माप नव्हे. खुणा असलेली मिश्रणाची बाटली मशीनबरोबर मागून घ्या. ऑइल टू टीच, म्हणजे टू स्ट्रोकसाठीचंच हवं, डब्यावर जासो एफसी किंवा एफडी ही प्रत लिहिलेलं. मोटरसायकलच्या इंजिनाचं उरलेलं २० डब्ल्यू ४० यात घालू नये. ते नीट जळत नाही.

फोर स्ट्रोकमध्ये पेट्रोल कोरं आणि ऑइल वेगळं. ३५ सीसीच्या वर्गात होंडाचं जीएक्स ३५ हे इंजिन (३५.८ सीसी) ओळखीचं आहे आणि त्याच्या धर्तीवरची बरीच इंजिनं बाजारात आहेत. ऑइल बसतं फक्त १०० मिली, १० डब्ल्यू ३०. पहिल्या १० तासांनी बदलायचं, पुढे दर ५० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. १०० मिली म्हणजे चहाचा एक कप. त्यातलं ३० मिली जरी उडालं तरी इंजिन कोरडं पडायला लागतं. म्हणून रोज सकाळी मशीन सपाट ठेवून ऑइलची पातळी बघणं हा नियमच ठेवा. आवाज आणि धूर कमी, त्यामुळे दवाखान्याच्या किंवा सोसायटीच्या आवारात कुरकुर होत नाही.

खर्चाचा हिशेब असा मांडा. जून ते ऑक्टोबर साधारण बावीस आठवडे, म्हणजे शनिवार-रविवारचे चव्वेचाळीस दिवस. निम्मे पावसात गेले असं धरलं तर वीस-बावीस दिवस हातात राहतात. दिवसाला चार तास इंजिन चाललं तर हंगामाचे ८० तास. ५२ सीसीचं टू स्ट्रोक भर कामात तासाला लिटरच्या आसपास पितं. म्हणजे ८० लिटर पेट्रोल, त्यात १:२५ ने ३.२ लिटर ऑइल. ३५ सीसीचं फोर स्ट्रोक तासाला ०.७ लिटर धरलं तर ५६ लिटर पेट्रोल आणि सुरुवातीची भर धरून जेमतेम ३०० मिली ऑइल. किमतीतला फरक दोन-तीन हंगामांत बराच भरून निघतो. वर्षाला वीसच तास काम असेल तर तो भरून निघत नाही; मग साधं टू स्ट्रोक घ्यायला हरकत नाही.

दुसरा विचार मशीन कोण हाताळणार याचा. मेहुणा, चुलतभाऊ, रोजंदारीचा माणूस असे हात बदलत असतील तर टू स्ट्रोकमध्ये कोणीतरी कोरं पेट्रोल ओतणारच, आणि तेवढ्याने इंजिन जाम होतं. दोन्ही जातींची मशीनं घरात असतील तर कॅन वेगळे ठेवा, मिश्रणाच्या कॅनला लाल रंगाचा पट्टा मारा. उलट चूक, म्हणजे फोर स्ट्रोकमध्ये मिश्रण, धुरावर निभावते.

दोन्हींना सारखाच त्रास देणारी गोष्ट म्हणजे टाकीत राहिलेलं पेट्रोल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढतं. रविवारी मशीन ठेवलं, पुढचे तीन शनिवार पाऊस लागला, की चौथ्या वेळी दोरी ओढून ओढून खांदा दुखतो. कार्बोरेटरमधला पातळ पडदा, डायफ्रॅम, ताठ झालेला असतो. पंधरा दिवसांपेक्षा जास्त थांबणार असाल तर टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. मिश्रण महिन्याभराच्या वर ठेवू नका.

पात्यांकडे लोक शेवटी बघतात, पण रोजची कमाई पात्यावर ठरते. तीन जोडण्या लागतात. हिरवळीच्या कडा, भिंत, झाडाचा बुंधा यांना नायलॉन दोरीचं हेड, २.४ मिमी मऊ गवताला पुरते, जाड गवताला ३ मिमी. दोरी कोरडी पडली की हेडच्या तोंडाशी तुटते, म्हणून आदल्या रात्री गुंडाळी पाण्यात बुडवून ठेवा. गाजर गवत, पवन्या, उंच गवताला तीन पात्यांची पाती. ती बहुधा दोन्ही बाजूंनी चालते. एक बाजू बोथट झाली की उलटी बसवा. घाणेरी, कारवी, बोराची झुडपं यांना ८० दातांचं चक्र. त्यामागे इंजिनही दमदार हवं. पाटण-जावळीकडे अशीच कामं जास्त मिळणार असतील तर ५० सीसीच्या टू स्ट्रोकचं पारडं जड होतं.

पात्याची नट उलट्या आट्याची असते. घड्याळाच्या दिशेने फिरवली तर सुटते. हे माहीत नसलेला माणूस पान्यावर उभा राहून आटे खातो. पाइपच्या खालच्या टोकाला गिअर हेड असतं. त्याच्या भोकात पिन घालून शाफ्ट अडकवायचा, मग नट फिरवायची. त्याच हेडवरच्या स्क्रूतून दर २०-२५ तासांनी थोडं ग्रीस भरा. ग्रीस संपलं की हेड हाताला चटका देतं आणि मग दात जातात. चिनी मशीनमध्ये बहुतेक २८ मिमीचा पाइप आणि ९ दातांचा शाफ्ट असतो. तोच घ्या, कारण अशा मशीनचे हेड, क्लच, पाइप बहुतेक एकमेकांना बसतात. २६ मिमी आणि ७ दातांचं मशीन चार पैसे कमी म्हणून घेतलं तर हेडसाठी फिरत बसावं लागतं. पात्याचं मधलं भोकही बघा, २५.४ मिमी की २० मिमी.

आणखी एक सवय मशीन मारते. पेट्रोल वाचेल म्हणून अर्ध्या रेसवर कापणं. क्लच पूर्ण धरत नाही, घसरत राहतो, तापतो, बाजूचं प्लास्टिक मऊ होतं. कापताना रेस पूर्ण, थांबलात की पूर्ण सोडा.

बहुतेक मशीनमध्ये पातं वरून पाहिल्यावर घड्याळाच्या उलट फिरतं. म्हणून उजवीकडून डावीकडे झोका घेत कापायचं, गवत आधी कापलेल्या पट्ट्यात पडतं. घड्याळात १२ ते ३ जिथे येतं, त्या भागाने खोड किंवा दगड लागला की मशीन जोरात झटका देतं. महाबळेश्वर, कासकडे गवताखाली जांभ्याचे दगड दडलेले असतात. आधी काठीने जागा चाचपून घ्या. दगडाला लागून पात्याला तडा गेला तर ते फेकून द्या, वेल्डिंग करू नका. पात्यावरचं कव्हर, म्हणजे गार्ड, काढून काम करणारे खूप दिसतात. त्यांच्या गिऱ्हाइकाच्या गाडीची काच फुटली की महिन्याची कमाई गेली. १५ मीटरच्या आत माणूस नको. गाडी हलत नसेल तर मध्ये शेडनेट बांधा. चष्मा, बूट, पूर्ण बाह्या हव्यातच. गाजर गवताचा रस आणि परागकण अंगाला लागून पुरळ उठतं, आणि पावसाळ्यात गवतात घोणसही असते.

बॅकपॅक, म्हणजे पाठीवर इंजिन आणि लवचिक नळी, उताराच्या बांधावर सोयीचं वाटतं. पण नळीतली तार वाकून चालली की तुटते, आणि चालू करायला दर वेळी पाठीवरून उतरवावं लागतं. एकाच मशीनवर धंदा उभा करायचा तर साइड पॅक, म्हणजे सरळ पाइपचं, बाजूला लटकणारं मशीनच बरं, दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यासकट.

द्राक्षबागेतलं काम घेणार असाल तर आधी दोन गोष्टी बघून बोला. ठिबकची १६ मिमीची नळी जमिनीवर आहे की तारेला टांगलेली? जमिनीवर असेल तर नायलॉन दोरी ती सोलते, कधी गुंडाळून ओढते. आणि खोडाच्या बुंध्याशी दोरी फिरवली की साल चारी बाजूंनी सोलून वेल मरू शकतो. खोडापासून वीतभर जागा हाताने काढायची असं मालकाशी आधीच ठरवा.

आता मोवर. १९ इंची, म्हणजे साधारण ४८ सेंटिमीटर पात्याचा मोवर तासाला तीन किलोमीटर चालीने हिशेबाने १,४४० चौरस मीटर कापतो. वळणं आणि पट्ट्यावर पट्टा यात तिसऱ्या हिश्शाहून जास्त जातं. हातात राहतात ९०० चौरस मीटर, म्हणजे तासाला नऊ गुंठे. ब्रश कटरने गुडघाभर गवताचा गुंठा पंधरा-वीस मिनिटं खातो, कमरेएवढा असेल तर अर्धा तास. पण मोवरचं तेज सपाट, कोरड्या, तीन-चार इंची हिरवळीतच. ओलं गवत कव्हरखाली चिकटून पातं गुदमरतं. सांगलीच्या काळ्या मातीत पाऊस होऊन गेल्यावर चाकं रुततात आणि हिरवळीवर चर पडतात. पातं दगडाला किंवा पाण्याच्या नळाला जोरात बसलं आणि नंतर मोवर सुरूच होईना, तर बहुधा फ्लायव्हीलची चावी, म्हणजे इंजिनाचं जड चाक शाफ्टवर जागेवर धरणारी छोटी पट्टी, कापली गेलेली असते. इंजिनाचं टायमिंग हलतं. चावी स्वस्त, ती बदलायची मजुरी महाग. मोवर आडवा करताना एअर फिल्टर वर ठेवा, नाहीतर ऑइल त्यात उतरतं.

शिवाय मोवर मोटरसायकलवर जात नाही. त्याला व्हॅन किंवा छोटा हत्ती लागतो, आणि दोन गुंठ्यांच्या बंगल्यासाठी भाडंच कमाई गिळतं. दोन तुकड्यांत सुटणाऱ्या पाइपचा ब्रश कटर पोत्यात बांधून गाडीवर मागे नेता येतो. फोर स्ट्रोक असेल तर कंपनीने दाखवलेल्या बाजूवरच आडवा ठेवा, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये जाऊन पहिली दहा मिनिटं नुसता धूर. एकाच भागात आठवड्याला दहा-बारा हिरवळी पक्क्या झाल्या की मोवरचा विचार करा. तोवर हिरवळीवर नायलॉन हेडने काम भागवता येतं, फक्त हात सारखा ठेवावा लागतो. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापलं तर हरळी पिवळी दिसते आणि गिऱ्हाईक ‘जाळलंत की हो’ म्हणतं.

विजेचा मोवर घरच्या हिरवळीला ठीक. धंद्याला वायर ओढत फिरणं, ओल्या गवतात करंटची धास्ती आणि वीज गेली की थांबणं. वापरलाच तर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, हवाच. बॅटरीचं मशीन एका चार्जला अर्धा-पाऊण तास चालतं; दुसरी बॅटरी घेतल्याशिवाय दिवस भरत नाही. हाताने ढकलायचा रील मोवर मात्र लोक उगाच विसरलेत. एक-दीड गुंठ्याच्या बारीक हिरवळीवर तो कात्रीसारखा कापतो. पातं आणि खालची पट्टी यांच्यात वर्तमानपत्राचा कागद धरून रील फिरवा. तो सरळ कापला गेला तर जुळणी बरोबर.

खरेदीच्या दिवशी दुकानदाराला मशीन थंड असताना चालू करून दाखवायला सांगा, आणि गरम झाल्यावर बंद करून पुन्हा चालू करायला लावा. मग काउंटरवरच स्टार्टरची दोरी, डायफ्रॅम किट, क्लच शू आणि गिअर हेड मागा. चारही वस्तू फळीवरून खाली आल्या तर पैसे द्या. ‘दोन दिवसांत पुण्याहून येईल’ असं ऐकलंत तर पुढचं दुकान बघा, कारण ते दोन दिवस नेमके शनिवार-रविवारच असतात.