की-चेन टॉर्चसाठी मिळणारे बदली सेल: एमएएच नंतर, जाडी आधी

की-चेन टॉर्च बंद पडला की बहुतेक वेळा संपलेला असतो तो फक्त सेल. एलईडी आणि सर्किट अजून कित्येक वर्षं चालतील अशा अवस्थेत असतात. निटकोरचे ट्यूब आणि टिप, रोव्हीव्हॉनचे अरोरा, या सगळ्यांत सेल आतच बसवलेला असतो. त्यांच्यासाठी बदली म्हणून चंदेरी पाकिटासारखे, लाल-काळ्या वायरी जोडलेले लिथियम पॉलिमर सेल मिळतात. हे परीक्षण त्यांचंच. सेल घेण्यासारखे आहेत, मात्र वर छापलेल्या क्षमतेवर (एमएएच म्हणजे मिलीअँपिअर-अवर, सेलमध्ये किती वीज साठते त्याचं माप) भुलून घेऊ नयेत.

सेलवरचा सहा आकडी क्रमांक म्हणजे त्याचं माप. ५०२०३० म्हणजे जाडी ५ मिमी, रुंदी २० मिमी, लांबी ३० मिमी. या तिन्हींचा गुणाकार करून १२ ने भागलं की खऱ्या क्षमतेचा चांगला अंदाज येतो: ५ × २० × ३० = ३०००, म्हणजे साधारण २५० एमएएच. ४०१२३० चे होतात सुमारे १२०. याच मापात कुणी ६०० एमएएच छापलं असेल तर ते खोटं आहे. तेवढी ऊर्जा त्या जागेत मावतच नाही, आणि क्षमतेबद्दल खोटं लिहिणाऱ्याच्या, सेलचं रक्षण करणाऱ्या प्रोटेक्शन सर्किटवरही विश्वास टाकता येत नाही.

खरी अडचण जाडीची. जुना सेल फुगलेला असेल तर त्याचं माप घेऊन उपयोग नाही. त्यावरचा क्रमांक वाचा किंवा टॉर्चमधली जागा व्हर्नियरने मोजा. नवा सेल त्या जागेपेक्षा निदान अर्धा मिमी पातळ हवा. असे सेल वापरात थोडे फुगतातच, आणि चेपून बसवलेल्या सेलमधले थर दाबले जाऊन आत शॉर्ट होऊ शकतो. लांबी मोजताना प्रोटेक्शन सर्किट धरून मोजा. पिवळ्या टेपखालची ती पट्टी सेल अति चार्ज किंवा अति रिकामा होऊ देत नाही. काही टॉर्चमध्ये हे संरक्षण मुख्य बोर्डावर असतं, काहींत नसतं. नक्की कळत नसेल तर प्रोटेक्शनवालाच सेल घ्या, दोन मिमी लहान मिळाला तरी चालेल.

खोलण्याआधी एक तपासणी जरूर करा. टाइप-सी पोर्ट असलेले बरेच स्वस्त टॉर्च दोन्ही बाजूंना सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाहीत, कारण बोर्डावर त्यासाठी लागणारे ५.१ किलोओहमचे रेझिस्टर बसवलेले नसतात. जुन्या चौकोनी यूएसबी टोकाची केबल लावली की तोच टॉर्च चार्ज होऊ लागतो. असे कितीतरी चांगले सेल उगाच काढले जातात.

स्क्रू असतील तर उघडणं सोपं. खाचांनी बसवलेलं प्लॅस्टिक कवच गिटारच्या प्लॅस्टिक पिकने कडेकडेने सोडवावं. धातूचं पातं आत घातलं की ते थेट सेलच्या पाकिटात शिरतं, आणि भोक पडलेला सेल पेट घेऊ शकतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी टॉर्च पूर्ण उतरू द्या आणि शेजारी कोरड्या वाळूचा डबा ठेवा. सेल दुतर्फा टेपने चिकटवलेला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-चार थेंब कडेने सोडून काही मिनिटं थांबा. हीट गन नको.

जुन्या वायरी एकेक करून कापा आणि पहिलीच्या टोकाला टेप लावल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. दोन्ही एकदम कापल्या तर कटरचं पातंच त्यांना शॉर्ट करतं. नव्या सेलच्या रंगांवरही विसंबू नका. उलटी जोडणी झाली तर चार्जिंगची चिप क्षणात जळते, तेव्हा मल्टिमीटर लावून खात्री करा. नवा सेल साधारण ३.७ ते ३.९ व्होल्ट दाखवतो. शून्य दाखवला तर बहुधा प्रोटेक्शनने बाहेर जाणारा पुरवठा तोडलेला असतो. पण आतला सेलही ३ व्होल्टच्या बराच खाली गेला असेल, तर तो परत करा.

सोल्डरचा डाग वायरीच्या टोकांनाच द्या. सेलची धन पट्टी ॲल्युमिनियमची असते, तिच्यावर साधं सोल्डर धरत नाही, आणि ते धरवण्याच्या नादात सेल तापतो. आधी बोर्डावरच्या पॅडला सोल्डर लावून ठेवा, मग ३५० अंशांच्या आसपास तापलेल्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने दोन सेकंदांत काम आटपा.

बदलल्यानंतर ऐकू येणारी नेहमीची तक्रार: मंद उजेड नीट मिळतो, पूर्ण उजेड लावला की टॉर्च विझतो. याचं कारण करंट. १०० एमएएचच्या सेलमधून ५०० मिलीअँपिअर खेचणं म्हणजे क्षमतेच्या पाचपट; साधे सेल एक-दोन पटीसाठी बनवलेले असतात. व्होल्टेज कोसळतं आणि सर्किट सेल संपल्याचं समजून बंद होतं. ड्रोन किंवा खेळण्यांसाठीचे जास्त करंट देणारे सेल इथे उत्तम, पण त्यांतल्या बऱ्याच सेलना प्रोटेक्शन नसतं, एवढं पाहून घ्या.

चार्जिंगचंही तेच. टीपी४०५४ जातीची चार्जिंग चिप असेल तर तिच्या प्रोग्रॅम पिनवरचा, चार्जिंगचा करंट ठरवणारा रेझिस्टर वाचा: १० किलोओहम म्हणजे १०० मिलीअँपिअर, २ किलोओहम म्हणजे ५००. हा आकडा सेलच्या एमएएचपेक्षा मोठा असता कामा नये, निम्मा असला तर सेल सर्वांत जास्त टिकतो. ४.३५ व्होल्टपर्यंत चार्ज होणारे सेलही मिळतात. ते ४.२ व्होल्टच्या टॉर्चमध्ये थोडे कमी भरतात, इतकंच. उलटं मात्र धोक्याचं आहे.

बोटभर लांबीच्या, डोकं चिकटवून बंद केलेल्या धातूच्या टॉर्चमध्ये हे सगळं करण्यात अर्थ नाही. डोकं फिरवताना पकडीचे व्रण पडतात आणि आतल्या गोल सेलला मापाचा जोड मिळणं कठीण. पुढच्या खरेदीत १०४४० (ट्रिपल एच्याच मापाचा लिथियम सेल) किंवा ट्रिपल ए सेल काढता-घालता येणारा टॉर्च पाहावा.

कवच बंद करण्यापूर्वी रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. पहिलं चार्जिंग डोळ्यांसमोर होऊ द्या. टॉर्च कोमट झाला तर ठीक, हाताला चटका लागला तर लगेच केबल काढा. चार्ज पूर्ण झाल्यावर सेलवर ४.१५ ते ४.२ व्होल्ट दिसले पाहिजेत. जुन्या सेलच्या दोन्ही टोकांवर टेप लावून तो ई-कचऱ्यात द्या, फुगलेला असेल तर तोपर्यंत वाळूच्या डब्यातच ठेवा.