आठवी-नववीला कॉम्प्युटर शिकवायचाय: आधी अनप्लग्ड की थेट पायथन?

लॅबमध्ये एका पीसीवर तीन-तीन पोरं बसत असतील तर थेट पायथन (प्रोग्राम लिहायची भाषा) सुरू करू नका, टाईप एकच जण करतो आणि बाकीचे नुसते बघत बसतात. न्यूझीलंडच्या कँटरबरी युनिव्हर्सिटीचं सीएस अनप्लग्ड, म्हणजे खेळांतून कॉम्प्युटर सायन्स शिकवायचं साहित्य, फुकट आहे आणि त्याला कॉम्प्युटरच लागत नाही. त्यातला कार्डांचा खेळ तर भारीच आहे, पोरांना एकाच बाजूने रंगीत असलेली 5 बाय 5 कार्डं उलटीसुलटी मांडायला लावायची, मग 'थांबा, अजून अवघड करते' म्हणत आपण एक आडवी आणि एक उभी ओळ वाढवायची, अशी की प्रत्येक ओळीत रंगीत कार्डं सम संख्येत येतील, आता पाठ फिरवायची, कुणीतरी एक कार्ड पलटतं, आणि जिथं आडवी-उभी दोन्ही ओळ विषम झालीये तिथं बरोब्बर बोट ठेवायचं. वर्ग अक्षरशः ओरडतो! एरर डिटेक्शन, म्हणजे डेटातली चूक पकडणं, फळ्यावर लिहून इतकं कधीच कळत नाही.

पायथनचं वेगळं आहे. तेही फुकट, सीबीएसईच्या अकरावी-बारावीला पुढे तेच येतं, आणि स्वतः लिहिलेला प्रोग्राम रन झाल्याचा आनंद कार्डांत नाही. पण एक स्पेस चुकली की इंग्रजीत एरर येतो, मराठी मीडियमची मुलं तिथंच हिरमुसतात, त्यांच्या शेजारी बसावंच लागतं. पायथन लिहायला थॉनी एडिटर घ्या, त्यात व्हेरिएबलची किंमत स्टेपगणिक बदलताना दिसते.

मी आठवीला अनप्लग्ड आणि नववीला पायथनच सांगेन. एकच वर्ष हातात असेल तर कार्डांनी सुरुवात करा नि मग तोच सम-विषमचा खेळ पायथनमध्ये लिहायला द्या.