गोव्यातलं बुडालेलं जहाज बघायला मोठी बोट की छोटी होडी?

ओपन वॉटरचं कार्ड, म्हणजे स्कूबा डाइव्हिंगचं पहिलं प्रमाणपत्र, हातात पडलं की नागपूरचा डाइव्हर पहिल्या रेकसाठी, म्हणजे बुडालेल्या जहाजासाठी, बहुधा गोव्याकडेच बघतो. ग्रँड आयलंडजवळचं ‘सुझीज रेक’ उथळ आहे, नवख्याच्या मर्यादेत आरामात बसतं. प्रश्न उरतो तो बोटीचा. छप्पर, जेवण आणि गाणी असलेली पर्यटकांची मोठी बोट घ्यावी, की पाच-सहा डाइव्हर मावतील अशी फायबरची होडी? मी दोन्हींतून गेलो आहे.

सोयीचं म्हणाल तर मोठी बोट पुढेच आहे. सावली, शौचालय, बसून किट चढवायला बाकडं, वर यायला धड शिडी. बायको-मुलं सोबत असतील तर त्यांचाही दिवस छान जातो. होडीत यातलं काही नाही. टँक पायात येतात, इंजिनाचा वास नाकात बसतो, काठावरून बॅकरोल मारून, म्हणजे पाठमोरं पाण्यात पडून, उतरायचं. परतताना वजनं आणि बीसीडी (टँक लावलेलं, हवा भरायचं जाकीट) पाण्यातच काढून वर द्यायचं आणि फिन्सच्या जोरावर आत चढायचं. दोन डाइव्हच्या मधला तास तर हेलकाव्यांतच काढावा लागतो. ऊन आपल्याला नवं नाही, पण बोट लागते. गोळी घेणार असाल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण काही गोळ्यांनी झापड येते आणि पाण्याखाली ती चालत नाही.

एवढं असूनही माझा कल होडीकडे आहे. कारण एकच, वेळ.

मोठी बोट पर्यटक जमल्याशिवाय निघत नाही. कुणाची टॅक्सी यायची असते, कुणाचे पैसे भरायचे असतात. बेटाजवळ पोचल्यावर आधी ट्राय डाइव्हवाल्यांच्या, म्हणजे कार्डाशिवाय पहिल्यांदाच उतरणाऱ्या पर्यटकांच्या, तुकड्या उतरतात आणि डाइव्ह मास्टर त्यांच्यात गुंततात. त्यांची चूक नाही, नवख्या माणसाला एकटं कसं सोडणार? पण कार्डवाला डाइव्हर तोवर वेटसूट अंगावर चढवून घामाघूम बसून राहतो. माझी पाळी आली तेव्हा दुपारचा वारा सुटला होता, पाण्यात लाटांची ओढ आली होती आणि तळाचा गाळ उठला होता. समोर हात धरला तर बोटं दिसत होती, त्यापलीकडे आपल्या अंबाझरी तलावाचं हिरवट पाणी असावं तसं सगळं.

दुसऱ्या एखाद्या ठिकाणी हे चाललं असतं. इथे नाही. ग्रँड आयलंड झुआरीच्या मुखाबाहेर आहे, नदीचा गाळ तिथे येतोच. त्यात सुझीज रेक अखंड जहाज नाही, मोडून विखुरलेलं लोखंड आहे. कुठला पत्रा आणि कुठला खडक हे शिंपले-शेवाळाखालून ओळखावं लागतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी जवळच्या सेंट जॉर्ज रीफवर बुडालेल्या जहाजाचा काळ ठरवला तो त्यातल्या भाजक्या मातीच्या कौलांवरून. त्यांवर बासेल मिशन कारखान्याचा आणि १८६५ सालाचा ठसा होता. बुडालेलं जहाज असं बारीक खुणांवरूनच वाचता येतं, आणि गढूळ पाण्यात नेमक्या त्याच हरवतात.

होडी सकाळी लवकर सुटते, वारा उठायच्या आत पाण्यात उतरवते. मी होडीतून गेलो तेव्हाही पाणी काही अंदमानसारखं नव्हतं, पण पत्र्यांची कड आणि फटीतला लायनफिश सावकाश बघता आला. कुणाची वाट बघायची नव्हती, टँक संपेपर्यंत रेकभोवती फिरता आलं. दिवस वाऱ्याचा निघाला तर होडीतूनही गाळच दिसेल, हे मान्य. तरी शक्यता तुमच्या बाजूची असते.

नागपूरकरांना आणखी एक फायदा. डाइव्हनंतर लगेच उंचीवर गेलं, तर कमी दाबामुळे अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून दिवसात एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्या तर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबायचं असतं. होडी दुपारी बारापर्यंत मोकळं करते, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान धरता येतं. मोठ्या बोटीवर दुसरी डाइव्ह तीन-साडेतीनपर्यंत लांबली तर ते विमान गेलंच. कारने येणार असाल तर परतीच्या घाटाचाही विचार हवा. आंबोली घाट सुमारे ७०० मीटरवर आहे, डाइव्हच्या दिवशीच तो चढू नका.

घरचे सोबत असतील, किंवा तुम्हाला बोट फार लागत असेल, तर मोठीच घ्या, मात्र बुकिंग करताना कार्डवाल्यांना पहिल्या तुकडीत उतरवतात का, हे विचारा. ‘बघू तिथे गेल्यावर’ असं उत्तर आलं, तर मी तरी होडीवाल्याला फोन लावेन.